जुनं झिऑन वर्कस्टेशन सिम्युलेशनसाठी घेतलं, त्याला आठ महिने झाले

आधीच सांगून ठेवतो, गेमिंगवाल्यांना आणि व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना ह्याचा काही उपयोग नाही. मी न्यूमेरिकल सिम्युलेशनमध्ये, म्हणजे समीकरणं कॉम्प्युटरवर आकड्यांनी सोडवण्यात, पीएचडी करू राहिलो, गाव चोपडा तालुक्यात, आणि मला घरी असं मशीन पाहिजे होतं की रात्री जेवण झाल्यावर रन लावला आणि सकाळी चहा घेता घेता उत्तर बघितलं. लॅपटॉपवर दोन वर्षं काढली, चार कोअर, ८ जीबी रॅम, आणि खालून इतका तापायचा की माय म्हणायची ह्यावर पापड वाळतील. क्लाऊडवर भाड्यानं मशीन घेऊन पाहिलं, पण गावात नेटची जी तऱ्हा आहे त्यात २० जीबीचा रिझल्ट उतरवायला बसलो की मधेच तुटतं आणि परत पहिल्यापासून. म्हणून नोव्हेंबरात जळगावच्या एका दुकानातून जुनं वर्कस्टेशन उचललं. दुकानाचं नाव टाकत नाही, का ते खाली कळेलच.

माल असा. ब्रँडेड वर्कस्टेशन, कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निघालेलं, आत दोन प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४, इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनवाले, एकेकाला १४ कोअर म्हणजे एकूण २८, रॅम ६४ जीबी ईसीसी, ५१२ जीबी एसएसडी, २ टीबीची हार्डडिस्क, आणि ग्राफिक्स कार्ड नावापुरतं, स्क्रीन दिसते एवढंच. प्रोसेसर २०१६ चे आहेत, म्हणजे वयानं म्हातारेच. ५८ हजार पडले, पक्कं बिल, तीन महिन्यांची वॉरंटी. शेठनं लई आग्रह केला की २२ हजार अजून टाका, गेमिंगचं कार्ड बसवून देतो, सिम्युलेशन पळेल. ते नाही घेतलं आणि बरं केलं, कारण आमचं सगळं गणित डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे १५-१६ आकड्यांच्या अचूकतेनं, चालतं आणि बहुतेक गेमिंगच्या कार्डांना डबल प्रिसिजनची ताकद सिंगलच्या ३२ व्या नाहीतर ६४ व्या हिश्शाएवढीच ठेवलेली असते. बॉक्सवरचा मोठा आकडा सिंगलचा असतो, तो बघून भुलू नका.

टेम्पोतून घरी आणलं तर माय दारातच, इतला मोठा डबा कसाले लई उना रे तू? आबांना सांगितलं की ह्याच्यावर केळी पिकवायच्या खोलीचा हिशोब करायचाय, तर ते म्हणे, हाऊ डबा केया पिकाडी का?

तर हिशोब काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझा विषय आहे रायपनिंग चेंबरमधली हवा. आपल्याकडची केळी हिरवी कापून चेंबरमध्ये लावतात, १६ ते १८ डिग्री, ओलावा ९० टक्क्यांच्या वर, आणि सुरुवातीला इथिलिन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १००). पण केळी काही गपचूप बसत नाही, ती श्वास घेते, कार्बन डायऑक्साईड सोडते, स्वतः गरम होते. मग पंख्यासमोरचे क्रेट पिवळे आणि कोपऱ्यातले हिरवेच, हे ज्याचं चेंबर आहे त्याला विचारा. हवा कुठून जाते, कुठं अडते, कुठं उष्णता साठते ते समीकरणं सोडवून काढायचं. चेंबर ६ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. त्याचे १० सेंटीमीटरचे ठोकळे पाडले तर ७२ हजार होतात, ५ सेंटीमीटरचे पाडले तर पावणेसहा लाख, अडीचचे पाडले तर ४६ लाख. दरवेळी ठोकळा अर्धा केला की संख्या आठपट. आणि तेवढ्यावर भागत नाही, ठोकळा अर्धा झाला की वेळेची पावलं पण अर्धी करावी लागतात, नाहीतर हवा एका पावलात एक ठोकळा ओलांडून पुढच्यात उडी मारते आणि सगळं उत्तर फुटतं, ही अट कूरंट, फ्रीडरिख्स आणि लेवी ह्या तिघांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलीय, कॉम्प्युटर यायच्या आधी. म्हणजे आठ गुणिले दोन, सोळापट काम. जाड जाळीवर, म्हणजे १० सेंटीमीटरच्या ठोकळ्यांवर, १० मिनिटं लागली तर मधल्यावर २ तास ४० मिनिटं आणि बारीक जाळीवर ४२ तास ४० मिनिटं. आणि तिन्ही चालवावेच लागतात, कारण जाळी बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिर होतंय हे दाखवल्याशिवाय गाईड कागदाला हात लावत नाहीत.

आता तक्रार. मशीन चालू केलं, उबंटू लिनक्स टाकलं, हवा-पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं ओपनफोम टाकलं, ते फुकट आहे आणि कोड उघडा आहे हे माहीत नसेल तर सांगतो. आधी नेहमीचं डब्यातल्या हवेचं टेस्ट, वरचं झाकण सरकतंय आणि आत भोवरा तयार होतोय, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर आणि चिकटपणा ह्यांचं प्रमाण) १०००, जाळी १२९ बाय १२९, त्याचे १९८२ सालचे घिया, घिया आणि शिन यांचे आकडे सगळे जण ताडून बघतात. जुळले. खुश. मग समीकरणं सोडवणारा माझा स्वतःचा सॉल्व्हर लावला, काँज्युगेट ग्रेडियंट पद्धतीचा, आणि कोअर वाढवत गेलो. १ कोअर, २ कोअर, ४ कोअर, वेळ छान उतरत होता. ६ ला गेलो तर थोडासाच फरक. ८, १४, २८, काहीच नाही, २८ कोअरला ६ कोअरएवढाच वेळ. म्हणजे २२ कोअर नुसते बसून पगार घेत होते.

दोन दिवस मी माझ्याच कोडला शिव्या घातल्या. मग स्ट्रीम नावाचं छोटं टेस्ट आहे, मेमरीतून सेकंदाला किती डेटा येतो जातो ते मोजतं, ते चालवलं. ३१ जीबी. ह्या मशीनला कागदावर १५३ च्या वर असायला पाहिजे. तेव्हा कुठं झाकण उघडलं, जे दुकानातच उघडायला पाहिजे होतं. १६ स्लॉट, त्यातले १४ रिकामे, दोन्ही प्रोसेसरला ३२ जीबीची एकेक स्टिक.

ज्यांना ह्यात काय बिघडलं असं वाटतंय त्यांच्यासाठी सांगतो, ६४ जीबी तर आहेत ना, आहेत. पण ह्या प्रोसेसरला मेमरीकडे जायचे चार रस्ते असतात, त्याला चॅनल म्हणतात, आणि एका रस्त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी जातात. स्टिक एकच लावली तर रस्ता एकच उघडा. केळीचा ट्रक भरायचाय, २८ मजूर लावले, घड पण भरपूर, पण बागेतून ट्रकपर्यंत यायला पाटावर टाकलेली एकच फळी आहे, मग २८ काय आणि ६ काय, बाकीचे डोक्यावर घड घेऊन उभे. आमच्या कामात हे जास्तच लागतं, कारण समीकरणांचे आकडे ज्या तक्त्यात मांडतो त्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्यंच असतात, म्हणून शून्य नसलेले आकडे तेवढे साठवायचे, एका आकड्यामागे ८ बाइट किंमत आणि ४ बाइट त्याचा पत्ता, म्हणजे १२ बाइट ओढून आणायचे आणि त्यावर करायचं काय, एक गुणाकार आणि एक बेरीज. दोन गणितांना १२ बाइट. दोन्ही प्रोसेसरचे मिळून ३० जीबीच्या रस्त्यावरून सेकंदाला ५०० कोटी गणितं, बस. आणि दोन्ही प्रोसेसरची कागदावरची ताकद त्याच्या २०० पट आहे. कोअर मोजून मशीन घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कोणी हे आधी का नाही सांगितलं, आणि खरं सांगायचं तर क्लासमध्ये सांगितलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं, पैसे मोजताना विसरलो.

दुसऱ्या दिवशी डबा परत टेम्पोत, जळगाव. शेठला म्हटलं रॅम चुकीची लावलीय. तो म्हणे सर ६४ सांगितली, ६४ दिली, उलट तुमच्या फायद्याचंच केलं, पुढं वाढवायला स्लॉट मोकळे ठेवले. त्याच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे, सगळी गिऱ्हाइकं तेच मागतात. मी बिलाच्या मागच्या बाजूला फळी आणि मजूर काढून दाखवले. त्याला काय पटलं काय नाही माहीत नाही, पण ८ जीबीच्या आठ स्टिक काढल्या. पहिल्यांदा त्याच्या पोऱ्यानं साध्या डेस्कटॉपच्या स्टिक खुपसल्या, मशीन चालूच होईना, तीन बीप देऊन गप्प, कारण ह्यात रजिस्टर्ड ईसीसी रॅम लागते आणि दोन्हीची मिसळ चालत नाही. मग गोडाऊनमधून बरोबरच्या आल्या. कोणती स्टिक कोणत्या स्लॉटात आधी ते आमच्या मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाच छापलेलं आहे, पोऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि मी लावत गेलो. दुकानातच स्ट्रीम चालवलं, ११८. शेठ स्क्रीनकडे बघून म्हणे, हे काय वाढलं? म्हटलं तुमच्या दुकानाची इज्जत. एक रुपया जास्तीचा घेतला नाही, ३२ च्या दोन स्टिक त्याला पण महागात विकता येणार होत्या ती गोष्ट वेगळी. शेवभाजी पण खाऊ घातली, इतकी झणझणीत की कानातून धूर.

घरी येऊन कोड लावला तर परत तेच, ११८ च्या हिशोबानं जेवढं पळायला पाहिजे त्याच्या अर्धंच पळतंय. ह्यावेळी चूक माझी. लिनक्समध्ये मेमरीचं पान ज्या कोअरनं पहिल्यांदा हात लावला त्याच्या बाजूच्या रॅममध्ये जाऊन बसतं, आणि मी सुरुवातीला सगळे ॲरे (आकड्यांच्या रांगा) एकाच थ्रेडनं, म्हणजे एकाच कोअरवरून, शून्य करत होतो, मग सगळा डेटा एका प्रोसेसरच्या बाजूला आणि दुसरा प्रोसेसर शेजाऱ्याकडे साखर मागायला गेल्यासारखा प्रत्येक आकडा तिकडून आणतोय. शून्य करायचा लूप पण पॅरलल केला, दोन ओळींचा बदल, वेळ जवळपास अर्धा. लॅपटॉपवर हे आयुष्यात कळलं नसतं, तिथं प्रोसेसरच एक.

आता माझ्या खोट्या भांडणाचं पण लिहितो, नाहीतर शेठवर अन्याय होईल. जानेवारीत एकच केस ८ कोअरवर चालवली आणि १६ कोअरवर चालवली, तर रेसिड्युअलचे, म्हणजे समीकरणात उरलेल्या चुकीचे, शेवटचे तीन चार आकडे वेगळे. परत ८ वर चालवली, तर पहिल्यासारखे. मला वाटलं रॅम गेली, वॉरंटीचे तीन महिने संपत आलेले, मी तावातावानं फोन केला की तुमच्या स्टिक खराब आहेत, उत्तर बदलतंय. शेठ म्हणे आणा, बदलून देतो. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, चार फेऱ्या, एकही एरर नाही. सकाळी दात घासताना डोक्यात प्रकाश पडला. अरे, बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटमध्ये उत्तर बदलतंच की. ८ कोअर आठ तुकड्यांत बेरीज करतात, १६ कोअर सोळा तुकड्यांत. १ वर १६ शून्यं एवढ्या मोठ्या आकड्यात १ मिळवा आणि मग तोच मोठा आकडा वजा करा, कॉम्प्युटर शून्य सांगतो, आणि आधी वजा करून मग १ मिळवा तर १ सांगतो. डबलमध्ये १५-१६ आकडेच खरे मावतात, १९८५ पासून आयईईई ७५४ चं स्टँडर्ड आहे, आणि ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ हे मी स्वतः बीएस्सीच्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो. तोच मी, दुकानदाराला खराब रॅम म्हणून झापतोय. फोन करून माफी मागितली. तो म्हणे असू द्या सर, गिऱ्हाईक आहे.

मशीनला पाचपैकी चार. दुकानाला तीन देणार होतो, ह्या फोनसाठी साडेतीन.

मे महिन्याचं स्वतंत्र सांगावं लागेल. खान्देशातला उन्हाळा काय सांगायचा तुम्हाला, ४४-४५ म्हणजे साधं, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याच्या वर. हे दोन प्रोसेसर एकेक १२० वॉटचे, पूर्ण लोडवर भिंतीतून सगळं मिळून साडेतीनशे वॉट खेचतं, म्हणजे खोलीत एक छोटी शेगडीच पेटवून ठेवली. पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. आणल्या आणल्या आतली धूळ काढून पेस्ट बदलली नसती तर काय झालं असतं माहीत नाही, पेस्ट पार खडू झाली होती. दुपारी प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, २.९ गिगाहर्ट्झवरून घसरत २.२ ला यायचा. मी डोक्याला हात लावून बसलो आणि मग वेळा बघितल्या, तर रन फक्त चार टक्के हळू. कारण तेच, फळी. मजूर हळू चालले तरी फळीवर गर्दी तेवढीच. मग २८ च्या ऐवजी १६ कोअरवरच चालवून बघितलं, दोन्ही प्रोसेसरचे आठ आठ, जवळपास तोच वेळ आणि तापमान १२ डिग्रीनं खाली, पंखे पण जरा माणसात आले. तेव्हापासून २८ ला हातच लावला नाही. पूर्ण लोडवर दिवसाला साडेआठ युनिटच्या आसपास जायचे, आता कमी. आबा मीटर वाचतात, त्यामुळे हे मला महत्त्वाचं.

लाईटचं दुखणं मात्र मशीनचा दोष नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारीक जाळीचा तो ४२ तासांचा रन, ३१ तास झाले होते, रात्री दोनला वादळ आलं आणि लाईट गेली. घरचा इन्व्हर्टर आहे, पण तो लाईट बदलायला जो क्षणभर घेतो तेवढ्यात मशीन बंद. आणि मी हुशारी करून डिस्क वाचावी म्हणून मधले रिझल्ट लिहिणं बंद ठेवलेलं, फक्त शेवटी लिही असं सांगितलेलं. ३१ तास पाण्यात. अंधारात बसून होतो, आबा आले, विचारलं काय झालं, म्हटलं केळी जळाली. आता इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे, दर तासाला मधली अवस्था डिस्कवर लिहिली जाते आणि ओपनफोमच्या कंट्रोलडिक्ट फाईलमध्ये शेवटच्या टाइमपासून सुरू कर असं लिहिलेलं आहे. दर तासाला लिहायला दीड मिनिट जातं, जाऊ दे. ईसीसी रॅमचा फायदा पण असाच, एखादा बिट उलटा पडला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन दिवसांच्या रनला ते बरं असतं, रोज दिसत नाही एवढंच.

घ्यायचं का, तर तुमचा कोड कसा आहे त्यावर आहे. भरगच्च मॅट्रिक्सचे गुणाकार असतील, तिथं एकदा आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरला जातो, तर कोअर कामाला येतात आणि नवीन प्रोसेसर ह्याला सहज मागं टाकेल. नुसतं शिकायचं असेल, पहिलं वर्ष, तर ५८ हजार घालू नका, आहे त्या लॅपटॉपवर उष्णतेचं समीकरण एका मितीत सोडवा, तिथं ठोकळा अर्धा केल्यावर वेळेचं पाऊल हवेसारखं अर्धं नाही तर चौथाई का करावं लागतं ते हातानं करून बघा, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून पण शिकवलेलं आहे ते बघा. पण रोज लाखो ठोकळ्यांची जाळी चालवायची असेल आणि बजेट साठ हजारांच्या आत असेल तर आठ स्टिकवालं जुनं झिऑन, आजही. दुकानात झाकण उघडायला लावा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. स्ट्रीमचं टेस्ट पेनड्राईव्हमध्ये घेऊन जा, दोन मिनिटं लागतात.

कोपऱ्यातल्या क्रेटचं म्हणाल तर माझ्या बारीक जाळीत तिथं हवा जवळजवळ थांबलेली दिसते, मधल्या जाळीत दिसत नव्हती. पंखा दीड फूट खाली घेऊन नवीन रन लावलाय, काल रात्रीपासून चालू आहे, २२ तास झाले, आभाळ आलंय.

परवा शेठचा फोन आला. पारोळ्याचं एक गिऱ्हाईक २८ कोअर मागतंय, कॉलेजात शिकवतो म्हणे. सर, त्याला काय विचारू, मॅट्रिक्स रिकामं आहे का भरलेलं? म्हटलं हो, तेच विचारा.